शास्त्र येथे, आचरण तेथे

गृहस्थाने घर केव्हा सोडावे, याविषयी मनुस्मृतीने दिलेल्या खुणा मोठ्या नेमक्या आहेत. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे मुख दिसले की वानप्रस्थाची वेळ झाली. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावे अथवा तिला सोबत न्यावे, अशी मुभाही तेथेच आहे. अठ्ठावन्नाव्या अथवा साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या आजच्या मध्यमवर्गीय हिंदू दांपत्याला या तिन्ही खुणा तंतोतंत लागू पडतात. मात्र त्यानंतरचे पाऊल सहसा पडत नाही. जे समाज मनूचे नावही जाणत नाहीत, त्यांच्यापैकी एका समाजाने हे पाऊल आपल्या जीवनपद्धतीचा भाग करून टाकले आहे. ही वस्तुस्थिती अप्रिय असली तरी ती डोळसपणे पाहिली पाहिजे.

हा समाज म्हणजे अमेरिकेतील ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, अर्थात जग ज्याला मॉर्मन पंथ म्हणून ओळखते तो. जोसेफ स्मिथ याने 1830 साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. अनेक ख्रिस्ती संप्रदाय त्याला ख्रिस्ती मानावयासही तयार नाहीत. तरीही त्याच्या अनुयायांची संख्या 1 कोटी 70 लाखांच्या वर गेली आहे. काळी पँट, पांढरा सदरा आणि छातीवर नावाची पट्टी अशा वेषातील त्यांचे तरुण प्रचारक जगाच्या परिचयाचे आहेत. त्या तरुणांच्या पाठीशी उभी असलेली ज्येष्ठ दांपत्ये मात्र फारशी कोणाच्या नजरेत भरत नाहीत. त्या पंथाचे खरे बळ तेथे आहे.

ही व्यवस्था साधी आहे. घरी अवलंबून असलेली लहान मुले नसावीत आणि प्रकृती ठीक असावी, एवढ्या अटी पुऱ्या करणारे पती-पत्नी 6, 12, 18 किंवा 23 महिन्यांसाठी नाव नोंदवितात. कोठे जावे याविषयी त्यांना आपली पसंती कळविता येते, परंतु नेमणूक चर्च करते. वेतन एका पैचेही नाही. प्रवास, घरभाडे, अन्न यांचा भार स्वतःच्या निवृत्तिवेतनातून किंवा शिलकीतून उचलावयाचा. घरभाड्याला तेवढी एक मर्यादा घालून दिलेली असते. जन्मभर मिळकतीचा दहावा हिस्सा धर्मासाठी देणाऱ्यांना आयुष्याचा एक तुकडाही देणे जड जात नाही, हे त्यामागचे इंगित होय.

त्यांचा दिनक्रम पाहिला तर त्यात नाट्य असे काही नाही. घानाच्या अक्रा शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे असे एखादे जोडपे घ्यावे. तेथे पतीला ‘एल्डर’ आणि पत्नीला ‘सिस्टर’ म्हणतात. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू यांना त्यांच्या घरात थारा नाही. सकाळी प्रार्थना व धर्मग्रंथाचे वाचन, मग कार्यालय. एकेकाळचा हिशेबनीस तेथे मिशनचे हिशेब लिहितो, तरुण प्रचारकांच्या खोल्यांचे भाडेकरार आणि परवान्यांची कागदपत्रे सांभाळतो, मोटारींच्या दुरुस्तीकडे पाहतो. एकेकाळची परिचारिका वीस वर्षांच्या मुलाला ताप आला तर तो मलेरियाचा आहे काय, याची दूरध्वनीवरून विचारपूस करते. दुसरे एखादे दांपत्य विहिरीच्या कामावर देखरेख करते किंवा अपंगांच्या चाकाच्या खुर्च्यांचे वाटप पाहते. नवजात अर्भकाचा श्वास सुरू कसा करावा, याचे प्रशिक्षण सुइणींना मिळावे म्हणून तिसरे धडपडते. वीज जाते, घानामध्ये या सततच्या लपंडावाला ‘दुमसोर’ असा खास शब्दच आहे. उकाडा असतो, पोट बिघडते, नातवाचा वाढदिवस पडद्यावर पाहावा लागतो. महिन्यातून एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यावयाचे असतात. मुदत संपली की सामान आवरून ते मायदेशी परततात आणि त्यांच्या खुर्चीवर दुसरे जोडपे येऊन बसते.

या निरुपद्रवी वाटणाऱ्या दिनक्रमाचे फलित काय, हे पाहावयाचे असेल तर 1978 सालाकडे जावे लागते. तोवर आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना या पंथात पौरोहित्याचा अधिकारच नव्हता. त्या वर्षीच्या जून महिन्यात ही बंदी उठविल्याचे जाहीर झाले आणि नोव्हेंबरमध्ये पंथाने नायजेरिया व घानाकडे आपले पहिले प्रचारक धाडले. ते तरुण नव्हते. रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन अशी ती दोन वयस्क दांपत्ये होती. मेबी तर युटाच्या विधिमंडळात मोठी पदे भूषविलेले, सत्तरीचे गृहस्थ. वर्षभराच्या आत तेथे हजाराहून अधिक लोकांचा बाप्तिस्मा झाला. कालपर्यंत ज्यांना वर्णावरून दुय्यम लेखले, त्यांच्याच दारात आज मुक्तिदाते म्हणून उभे राहावयाचे, यातील विसंगती घानाच्या शासनालाही खुपली असली पाहिजे. जून 1989 मध्ये त्याने या चर्चच्या कार्यावर बंदी घातली आणि परदेशी प्रचारकांना देशाबाहेर काढले. नोव्हेंबर 1990 मध्ये बंदी उठली, तेव्हा स्थानिक अनुयायी घरोघरी उपासना करीत टिकून राहिले होते. 2004 साली अक्रामध्ये या पंथाचे भव्य मंदिर उभे राहिले. शासकीय आदेशाने परदेशी माणूस परत पाठविता येतो. तो रुजवून गेलेली निष्ठा मात्र परत पाठविता येत नाही.

तेव्हा ही सेवा निर्हेतुक आहे, असे मानण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. विहीर खोदली जाते आणि पाणी सर्वांना मिळते, हे खरे. परंतु त्या साऱ्या कार्याच्या मुळाशी, आपलेच चर्च तेवढे खरे, ही श्रद्धा आहे. तिची झेप जिवंत माणसांपाशी थांबत नाही. मृतांच्या नावे जिवंताने बाप्तिस्मा घेण्याचा विधी या पंथात आहे. मृतात्म्याला तो नाकारण्याची मोकळीक असते, असे पंथाचे म्हणणे. परंतु नाझी नरसंहारात बळी पडलेल्या ज्यूंच्या नावेही हे विधी झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा 1995 साली ज्यू संघटनांशी करार करून ती नावे वगळण्याचे मान्य करावे लागले. 2012 साली महात्मा गांधींच्या नावेही असा विधी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. या विधीसाठी वंशावळी लागतात. म्हणूनच जगभरच्या जुन्या नोंदींची छायाचित्रे घेऊन त्या युटामध्ये जतन केल्या जातात. त्यांत हरिद्वारसह उत्तरेतील तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. हिंदूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आज साता समुद्रापार सुरक्षित आहेत! या कामातही ज्येष्ठ स्वयंसेवकांचा मोठा वाटा असतो. येथल्या किती निवृत्त ग्रंथपालांना, शिक्षकांना अथवा कारकुनांना त्या वह्यांसाठी सहा महिने द्यावेसे वाटले?

धर्मांतराची वार्ता आली की येथे संताप उसळतो. सभा होतात, निवेदने दिली जातात, कायदा कडक करण्याची मागणी होते. फसवणूक आणि प्रलोभन यांविरुद्ध कायदा असावा, यात दुमत नाही. परंतु ज्या पाड्यावर डॉक्टर पोहोचत नाही, ज्या वस्तीत मुलांचा अभ्यास घेणारे कोणी नाही, तेथली पोकळी कायद्याने भरून निघत नसते. ती माणसांनी भरावी लागते. अशी माणसे हिंदू समाजात नाहीत काय? शहराशहरांतून ती मुबलक आहेत. बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, मुख्याध्यापिका आहेत, अभियंते आहेत, परिचारिका आहेत. निवृत्तिवेतन आहे, स्वतःचे घर आहे, मुले मार्गी लागली आहेत. सकाळी बागेत फेरी, दुपारी दूरदर्शन, सायंकाळी कट्ट्यावर देशाची चिंता, अशा क्रमात ही सारी गुणसंपदा मावळत चालली आहे.

‘या वयात घर सोडणे जमत नाही’ ही सबब तर मुळीच टिकणारी नाही. पुण्या-मुंबईची हजारो दांपत्ये मुलीच्या बाळंतपणासाठी, नातवंडे सांभाळण्यासाठी न्यूजर्सी नि कॅलिफोर्नियाला जाऊन सहा-सहा महिने राहतात. रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर घेतात, कडाक्याची थंडी सोसतात, परक्या भाषेत व्यवहार करतात. यात गैर काहीच नाही. आजी-आजोबांचे ते कर्तव्यच होय. परंतु सहा महिने ही मॉर्मन दांपत्याच्या सेवेचीही किमान मुदत आहे. म्हणजे प्रकृती आड येत नाही, अंतर आड येत नाही, खर्चही आड येत नाही. आड येते ती ‘आपला’ या शब्दाची मर्यादा. ती रक्ताच्या नात्यापाशी संपते, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापर्यंत पोहोचते, एवढाच प्रश्न आहे.

या मार्गावर चालून दाखविणारे येथे झालेच नाहीत, असे नव्हे. मराठवाड्यातील कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुख यांनी 1977 साली चालून आलेले मंत्रिपद नाकारले. साठी उलटलेल्यांनी सत्तेचे राजकारण सोडून समाजकार्यात उतरावे, असे सांगून ते स्वतः आधी गोंड्यात आणि पुढे चित्रकूटमध्ये जाऊन राहिले. तेथे त्यांनी सुशिक्षित पती-पत्नींना गावात वस्तीसाठी धाडण्याची योजना आखली आणि त्यांना ‘समाजशिल्पी दांपत्य’ असे सार्थ नाव दिले. दांपत्याला घराघराच्या स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश मिळतो, हे मर्म त्यांनी ओळखले होते. एकनाथजी रानडे यांनी 1972 साली स्थापिलेल्या विवेकानंद केंद्रातही वानप्रस्थी कार्यकर्त्यांना स्थान आहे. वाट अशी मळलेली आहे. तिच्यावर चालणाऱ्यांची संख्या तेवढी तोकडी आहे.

त्याचा दोष केवळ ज्येष्ठांच्या माथी मारून चालणार नाही. सेवा करू इच्छिणाऱ्या दांपत्याला कोठे जावे, किती काळ राहावे, काय काम करावे, निवासाची सोय कोणती, आजारपणात कोण धावून येईल, हे एका कागदावर लिहून देण्याची शिस्त किती संस्थांपाशी आहे? ‘या, काहीतरी काम देऊ’ असे मोघम उत्तर मिळाले की उत्साही माणूस महिन्याभरात घरी परततो. मुदत ठरलेली, काम ठरलेले आणि जागा घेणारी पुढची जोडी ठरलेली, या तीन गोष्टींत त्या पंथाच्या यशाचे अर्धे रहस्य आहे. त्या आत्मसात करण्यास कोणाच्या धर्मग्रंथाची गरज नाही. थोडी कार्यालयीन शिस्त पुरते.

सॉल्ट लेक सिटीहून निघालेले एखादे जोडपे या घडीलाही कोठल्यातरी अनोळखी विमानतळावर उतरत असेल. त्यांच्या श्रद्धेशी मतभेद जरूर असावा, त्यांच्या हेतूंविषयी सावधपणाही असावा. परंतु त्यांच्यावर टीका करण्याचा नैतिक अधिकार कट्ट्यावर बसून मिळत नाही. तो हाती पिशवी घेऊन एस. टी. च्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या दांपत्यालाच मिळतो. वानप्रस्थ ही हिंदूंनी जगाला दिलेली कल्पना, असा अभिमान मिरविणाऱ्यांच्या घरातून अशी किती दांपत्ये बाहेर पडतात, यावरच त्या अभिमानाची किंमत ठरणार आहे.