विसराळू आजी-आबा आणि आपला शेजारधर्म



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. शेजारच्या आजी जेवण होऊनही पुन्हा ताट मागतात, स्वतःच्याच ओट्यावर बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणतात आणि आपण हसतो. पण हा म्हातारचळ नसून आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे.

हा आजार एकट्या घराला पेलत नाही. म्हणून ‘लोकांच्या घरात आपण कशाला पडा?’ असे म्हणून शेजाऱ्याने गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

आपल्या केळीच्या पट्ट्यात घरची माणसे सकाळीच शेतात जातात, मुले शाळेत असतात, शिकलेली मुले नोकरीसाठी परगावी असतात. मग विसराळू आबांना घरात ठेवून बाहेरून कडी लावण्याची वेळ येते. आपण लगेच सुनेला बोल लावतो. पण आबा रस्त्यावर जाऊन हरवतील, या धास्तीनेच ती कडी लावत असते. तरी कडीबंद घरात आग लागली किंवा आबा पडले, तर काय? अशा घराला बोल लावणाऱ्यांपेक्षा ‘दुपारचे दोन तास मी बसते’ म्हणणारी शेजारीण हवी.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट पालकांनी जरूर पाहावा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले विद्वान शास्त्री हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताची गरीब बायको त्यांना सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नात्यागोत्याची नसलेली बाई जे करते, ते भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला जड जाऊ नये.

घरच्यांना विश्वासात घेऊन आधी डॉक्टरांकडे न्यावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, काही औषधे यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक बरळणे सुरू झाले, तर संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा डोक्याला लागलेला मार असू शकतो. तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठावा. अशा वृद्धांचा अंगठा जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदावर कोणी घाईने घेत असेल, तर शेजाऱ्याने डोळे मिटू नयेत.

जिथे घर थकलेले नसून पाठ फिरवलेले आहे, मारहाण किंवा उपासमार होते, तिथे मात्र भिडस्तपणा पाप आहे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर सांगता येते. तातडीच्या वेळी ११२ आहे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’ क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. २००७ च्या कायद्यानुसार आई-वडिलांचा सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा आहे.

मुलांनो, तुम्हीही पुष्कळ करू शकता. आबा एकटेच गावाबाहेर निघालेले दिसले, तर ओरडू नका, हात धरून ओढू नका. ‘आबा, चला, मीही तिकडेच येतो’ म्हणत सोबत चाला आणि मोठ्यांना निरोप पाठवा. एकच प्रश्न त्यांनी दहा वेळा विचारला, तर दहा वेळा उत्तर द्या.

विश्वस्त मंडळाला विनंती, की २१ सप्टेंबर या जागतिक अल्झायमर दिनी बुऱ्हाणपूरहून डॉक्टर बोलावून शाळेत वृद्धांची तपासणी ठेवावी. शिवण येणाऱ्या मुलामुलींनी, घरच्यांच्या संमतीने, अशा आजी-आबांच्या कपड्यांना आतून नाव व फोन क्रमांकाची पट्टी शिवून द्यावी. याला फारसा खर्च नाही. पण वाट चुकलेले माणूस रात्र पडण्याआधी घरी पोहोचेल.