जामीन झाला, सातबारा कुठून आणायचा?

1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आलं, जिल्हा परिषद आली, पोलीस अधीक्षक आले. कोठडीच्या बाबतीत मात्र जुनं नातं सुटलं नाही. हिंगोली किंवा सेनगावच्या न्यायालयात ‘न्यायालयीन कोठडी’ सुनावली गेली की आरोपीची रवानगी परभणीच्या जिल्हा कारागृहात होत आली आहे. सेनगावकडच्या एखाद्या तांड्यावरच्या आईला मुलाशी जाळीआडून चार शब्द बोलायचे तर पहाटेची एसटी गाठावी लागते, दिवसाची मजुरी बुडते आणि ओळखपत्र घरी राहिलं तर दारातूनच परतावं लागतं.

आत असलेला तो मुलगा बहुतेक वेळा कच्चा कैदी असतो. म्हणजे गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. 2022 च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत 5 लाख 73 हजार माणसं होती, त्यांतली 4 लाख 34 हजार अशीच खटल्याची वाट पाहणारी. सकाळी बराक उघडते, गिनती होते, चहा-नाश्ता, दुपार होण्याआधी जेवण. संध्याकाळचं जेवण उजेडीच उरकतं आणि अंधार पडण्याच्या आत पुन्हा कुलूप. पक्क्या कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते. कच्च्याला ठाऊक असते ती पुढची तारीख, आणि पोलीस पथक मिळालं नाही की तीही हुकते. इंग्रजांच्या 1894 च्या कायद्यानेसुद्धा कच्च्या कैद्याला बाहेरून जेवण, कपडे, अंथरूण मागवण्याची मुभा दिली होती. पण ज्याच्या घरची माणसं ऊसतोडीला कारखान्यावर गेली आहेत, त्याला डबा कोण आणून देणार?

आणि जामीन मंजूर झाल्यावरही गरीब माणूस आतच राहतो, हे सगळ्यात वाईट. आदेशात ‘अमुक हजारांचा जामीनदार’ असं लिहिलेलं असतं. जामीनदार म्हणजे सातबारा असलेला किंवा ऐपतीचा दाखला आणणारा, शक्यतो स्थानिक माणूस. भूमिहीनाच्या ओळखीतली माणसंही भूमिहीनच असतात. गावातला जमीनवाला दुसऱ्यासाठी उतारा अडकवायला सहसा तयार नसतो, आणि तयार झाला तर त्याचे उपकार पुढची कित्येक वर्षं राबून फेडावे लागतात.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच निकाली काढला होता. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला. त्याचा भाऊ पुढे आला, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी नकार दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली आणि मोतीरामला 1,000 रुपयांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडलं. त्याला पाच दशकं होत आली. 31 जानेवारी 2023 ला त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. केंद्राच्या 2023 च्या योजनेत तर सुरुवातीलाच जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. कायदा आहे, पैसाही आहे. आत बसलेल्याला हे सांगणारा माणूस मात्र नाही.

जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 हे खरं तर मोठं पाऊल आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याच्यासाठी अर्ज करणं ही अधीक्षकांचीच जबाबदारी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत, ते समजण्याजोगं आहे. पण एकाहून अधिक खटले प्रलंबित असले तरी हा लाभ मिळत नाही, ही अट मराठवाड्यात पारध्यांच्या पालावर जाऊन पडते. 1871 च्या कायद्याने अशा जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला. आजही कुठे चोरी झाली की पहिला संशय पालावरच. एका माणसावर दोन-तीन गुन्हे दाखल व्हायला वेळ लागत नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा पारध्यांसारख्या विमुक्त जमातींना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं.

परभणीच्या कोठडीचं नाव निघालं की सोमनाथ सूर्यवंशी आठवतोच. कायद्याचं शिक्षण घेणारा हा तरुण आधी पोलीस कोठडीत होता. न्यायालयीन कोठडीत गेल्यावर 15 डिसेंबर 2024 ला त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईला या मृत्यूबद्दल गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. औरंगाबाद खंडपीठाने 4 जुलै 2025 ला तसा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कोठडीतला माणूस सर्वस्वी सरकारच्या स्वाधीन असतो, म्हणून त्याच्या अंगावरच्या प्रत्येक वळाचा जबाब सरकारनेच द्यायला हवा.

कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेण्यासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक तिच्यात असतात. या समितीने दर तीन महिन्यांनी एक आकडा जाहीर करावा: जामीन मंजूर होऊनही हिंगोली जिल्ह्यातली किती माणसं आत आहेत? आणि नातेवाइकांनी एवढं लक्षात ठेवावं, की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो.