गणितावर बसवलेला जकातनाका

(धागा) १/ ‘पेटंट म्हणजे संशोधकाच्या श्रमांचे रक्षण’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली आहे. सॉफ्टवेअरच्या इतिहासात मात्र या वाक्याची एकदा कसोटी लागली आणि ते त्या कसोटीस उतरले नाही. ज्या वस्तूवर ही कसोटी लागली, ती आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे: हलणारे जिफ चित्र.

२/ प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. कॉपीराइट रचनेला संरक्षण देतो, पेटंट पद्धतीवर हक्क सांगते. ज्ञानेश्वरी उतरवून स्वतःच्या नावावर खपवणे ही चोरी होय. परंतु ओवी छंदात नवे काव्य रचणे ही चोरी नव्हे. सॉफ्टवेअर पेटंट हा खुद्द ओवी छंदावरचा मालकी हक्क आहे. त्यात नक्कल सिद्ध करावी लागत नाही. स्वतःच्या बुद्धीने तीच पद्धत शोधणाराही दोषी ठरतो.

३/ १९७७ आणि १९७८ साली अब्राहम लेम्पेल व याकोब झिव या इस्रायली शास्त्रज्ञांनी माहिती आटोपशीर करण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. तत्त्व सोपे होते: मजकुरात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा कोश करावा आणि तुकड्याऐवजी त्याचा क्रमांक लिहावा. स्पेरी कंपनीतील टेरी वेल्च यांनी दुसऱ्या पद्धतीचे सुधारित रूप १९८४ साली एका नामांकित संगणकविषयक नियतकालिकात मांडले. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते ‘एलझेडडब्ल्यू’ म्हणून ओळखले जाते. पेटंटचा अर्ज मात्र २० जून १९८३ रोजीच दाखल झालेला होता.

४/ प्रोग्रामरांनी लेख वाचला आणि स्वतःचा कोड लिहिला. युनिक्सवरील ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्राम असाच जन्मला. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने याच पद्धतीवर जिफ हे चित्रस्वरूप उभारले आणि ते सर्वांना वापरू दिले. दरम्यान १० डिसेंबर १९८५ रोजी पेटंट मंजूर झाले होते. १९८६ साली स्पेरी आणि बरोज यांच्या एकत्रीकरणातून युनिसिस ही कंपनी निर्माण झाली व पेटंट तिच्याकडे गेले.

५/ याहून विलक्षण बाब पुढेच आहे. वेल्च यांच्या अर्जाच्या जवळजवळ तीन आठवडे आधी, १ जून १९८३ रोजी, आयबीएमच्या मिलर व वेगमन यांनी हीच पद्धत सामावणारा अर्ज केला होता. अमेरिकी पेटंट कार्यालयाने १९८९ साली त्यांनाही पेटंट दिले. एकाच जमिनीचे दोन सातबारे! ज्यांचे कामच परीक्षणाचे, त्यांना हे साम्य दिसले नाही. मग फावल्या वेळेत कोड लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ते ओळखावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

६/ डिसेंबर १९९४ च्या अखेरीस घोषणा झाली: जिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी परवाना घ्यावा. तोवर जिफला सात वर्षे लोटली होती आणि नवजात वेबवर ती चित्रे सर्वदूर पसरली होती. रस्ता लोकांनी तुडवून तयार केला. वर्दळ वाढल्यावर जकातनाका उभा राहिला. १९९९ साली तर विशिष्ट खासगी व अव्यापारी संकेतस्थळांसमोरही ५,००० डॉलरपासून सुरू होणाऱ्या परवान्याचा प्रस्ताव ठेवण्यात आला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला ‘सर्व जिफ जाळा’ हा निषेध दिन पाळला गेला.

७/ हा घाव मुक्त सॉफ्टवेअरवर सर्वाधिक खोल का बसतो? मोठ्या कंपन्या एकमेकींची पेटंटे अदलाबदलीने मिटवतात. स्वयंसेवकाच्या हाती अदलाबदलीला काहीच नसते. प्रतीमागे शुल्क द्यायचे, तर ज्याच्या प्रती कुणी मोजतच नाही त्याचे शुल्क कसे भरणार? बंद सॉफ्टवेअरचे अंतरंग झाकलेले असते, मुक्त सॉफ्टवेअरचा कोड मात्र उघडा. म्हणजे प्रामाणिकपणाच पुरावा ठरतो.

८/ १९९१ च्या जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतील सातवे कलम हाच धोका ओळखून लिहिलेले आहे: पेटंटच्या अटीमुळे प्रत विनाशुल्क पुढे देता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर मुळीच वितरित करू नये. म्हणून चित्रे तयार करणाऱ्या ‘जीडी’ या मुक्त ग्रंथालयातून १९९९ साली जिफची सोय काढून टाकावी लागली. ती २००४ साली परतली.

९/ पेटंटवादी म्हणतात, ‘या अडथळ्यामुळेच पीएनजी जन्मले.’ खरे आहे. जानेवारी १९९५ मध्ये काम सुरू झाले आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी वेब संघाने त्या स्वरूपाला मान्यता दिली. १९९२ चे ‘जीझिप’ही ‘कॉम्प्रेस’ला पर्याय म्हणूनच आले. पण पूल अडवला म्हणून गावकऱ्यांनी दुसरा बांधला, तर त्याचे श्रेय अडवणाऱ्यास द्यायचे का? पीएनजी रचणाऱ्यांनी मक्तेदारी मागितली नाही; म्हणजे नवनिर्मितीला पेटंटची गरज नसते, हेच सिद्ध झाले.

१०/ दुसरा युक्तिवाद मुदतीचा: ‘पेटंट कधीतरी संपतेच.’ अमेरिकेत ते २० जून २००३ रोजी संपले, युरोप व जपानमध्ये २००४ साली. तोवर वेबचे संपूर्ण बालपण सरले होते. औषधाच्या चाचण्यांना वर्षे आणि अफाट भांडवल लागते. तेथे मुदतीच्या मक्तेदारीची बाजू निदान मांडता तरी येते. अल्गोरिदमला कागद, पेन्सिल आणि बुद्धी पुरते.

११/ हे धोके ओळखणारे लोक होते. ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटांना वाट करून देऊ पाहणारा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली अल्गोरिदमवरील पेटंट नाकारले होते. पुढे दार सैल झाले, आणि २०१४ च्या ‘अ‍ॅलिस’ निकालाने ते पुन्हा काहीसे ओढून घेतले.

१२/ भारताची भिंत म्हणजे पेटंट कायद्याचे कलम ३(क). २००२ च्या दुरुस्तीनुसार गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम पेटंटयोग्य नाहीत. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने तिला भगदाड पाडले. २००५ साली संसदेने ते बुजवले. मग खटपट मार्गदर्शक सूचनांच्या वाटेने सुरू झाली. ऑगस्ट २०१५ च्या सूचना विरोधामुळे डिसेंबरात स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या हार्डवेअरची कडक अट आली आणि २०१७ साली गेली.

१३/ जे संसदेने उघडपणे नाकारले, ते परिपत्रकाच्या शब्दांतून हळूच आत येऊ शकते. या सूचना काढणाऱ्या पेटंट महानियंत्रकांचे कार्यालय मुंबईत आहे. त्यांचे मसुदे जनतेच्या हरकतींसाठी खुले होतात तेव्हा ते वाचणारे मराठी तरुण असावेत. २०१५ ची स्थगिती लेखी हरकतींनीच मिळवली होती. जकातनाका उभा राहिल्यावर तो हटवण्यास वीस वर्षे लागतात. उभा राहण्यापूर्वी एक हरकतपत्र पुरू शकते.

(धागा समाप्त)