फाटकाबाहेरचा खर्रा

२००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. नागपुरात प्रश्न उरतो तो खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून सदरच्या पानठेल्यावर मिळणारा हा जिन्नस धूर सोडत नाही. ‘धूम्रपान निषिद्ध’ या फलकाला तो जुमानील कशाला? येथील मिशनरी महाविद्यालयांपाशी (हिस्लॉप तर १८८३ पासूनचे) नैतिक अधिकार आहे. पण तो केवळ उपदेशात खर्ची घालण्यात अर्थ नाही. विद्यार्थी प्रवचन ऐकत नसतो, गुरुजनांचा फुगलेला गाल पाहत असतो. संस्थेच्या दंडाची पहिली पावती शिक्षककक्षात फाटावी, आणि ते शंभर यार्ड प्राचार्यांनी स्वतः मोजून महापालिकेस कळवावेत.