कर्ता कुठे गेला?

दरवर्षी ६ डिसेंबरला कुठे ना कुठे 'महापरिनिर्वाण दीन' छापून येतो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे लाचार. एवढेही कळू नये? (आपल्या बॅनरवरही हीच चूक असते, ती आधी सुधारू.) पण आमचे खरे भांडण ऱ्हस्व-दीर्घाशी नाही. 'दलित तरुणाला मारहाण', 'वस्तीवर बहिष्कार' असे मथळे येतात. मारहाण कोणी केली? बहिष्कार कोणी टाकला? वाक्यातला कर्ताच गायब! मार खाणाऱ्याची जात मथळ्यात, मारणाऱ्याची आतल्या मजकुरातही नाही. एकतर्फी हल्ला झाला तरी 'दोन गटांत हाणामारी'. ही चूक मुद्रितशोधकाला सापडत नाही, कारण ती संपादकाच्या टेबलावर होते. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' उगाच काढला नव्हता. उद्या असा मथळा दिसला की कात्रण काढा, लाल पेनाने कर्ता लिहा आणि संपादकाला परत पाठवा.