वाण द्यायचंच तर वारसनोंदीचं द्या

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतल्या यवतमाळच्या संध्याकाळी बायकांच्या असतात. वाघापूर, उमरसरा, लोहारा, वडगाव ही काल-परवापर्यंतची खेडी आज शहराच्या हद्दीत आली आहेत. तिथल्या ले-आउटांमधून काठापदराच्या साड्या नेसलेल्या बायका या घरून त्या घरी हळदीकुंकवाला जात असतात. अंगणात रांगोळी, ताटात तिळगूळ आणि निघताना हातात वाण. कुठे स्टीलची वाटी, कुठे प्लास्टिकचा डबा. निवडणुकीचा विचार असलेल्यांकडे तर मंडप घालून हजारभर बायकांचं हळदीकुंकू होतं.

या कार्यक्रमांत अलीकडे एक चांगला बदल दिसतो. काही बचत गट, काही महिला मंडळं आणि काही घरंसुद्धा नवरा गेलेल्या बायकांना आवर्जून बोलावू लागली आहेत. अशाच एका घरी मी गेले होते. मागच्या खुर्चीवर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. यजमानीण कुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्यापर्यंत आली, तशी त्यांनी मान जरा मागे घेतली आणि नुसता हात पुढे केला. यजमानिणीनं हातावर हळद लावली, थोडी थांबली आणि विचारलं, "काकू, कुंकू लावू?" काकूंनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग मान हलवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी फोटो काढला नाही. पुढच्या बाईला तिळगूळ दिला गेला आणि कार्यक्रम पुढे सरकला. बदल असाच यायला हवा.

पण यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट करंड्यापाशी संपत नाही. इथल्या हजारो घरांत कर्ता पुरुष आजाराने किंवा म्हातारपणाने गेलेला नाही. फवारणीचं औषध घरात होतं, गळफासाला दोर होता, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. तेव्हापासून या जिल्ह्याच्या नावापुढे शेतकरी आत्महत्या हे शब्द चिकटले ते चिकटलेच. मागे राहिलेल्या बाईचा प्रश्न मात्र आपण फार उशिरा ऐकला, आणि तोही अर्धाच.

११ जानेवारी २०१९ला यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. ते निमंत्रण मागे घेणं चूकच होतं. त्यानंतर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. पतीच्या आत्महत्येनंतर त्या दोन लेकरांना घेऊन उभ्या राहिल्या होत्या. शेतकरी विधवांनीच रंगमंचावर आणलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या. त्यांच्या भाषणाने मांडवातल्या भल्याभल्यांना मान खाली घालायला लावली. पुढच्या जन्माच्या भरवशावर नवरा निघून गेला, मी मात्र याच जन्मावर विश्वास ठेवून लढणार आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर एका शेतकऱ्याच्या विधवेला पहिला मान मिळाला, ही बाब लहान नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी, ४ मे २०२२ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही, असं त्या गावाने ठरवलं. १७ मे रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचा ठराव पंधरा दिवसांत साऱ्या राज्यापुढे आदर्श म्हणून ठेवला जातो, हेही फार थोड्या वेळा घडतं.

ज्यांनी ते बांगड्या फोडणं जवळून पाहिलं आहे, त्यांना या ठरावाची किंमत सांगावी लागत नाही. ते काम पुरुष करत नाहीत. ते बायकाच करतात, त्यातही बहुतेक वेळा आधीच विधवा झालेल्या. जिने स्वतः ते भोगलं, तिच्याच हातून ते पुढच्या बाईवर ओढवतं. सासू, जाऊ, नणंद सगळ्या रडत असतात आणि तरीही कोणी हात धरत नाही, कारण रीत मोडली तर उद्या घरात काही वाईट झालं त्याचा ठपका कोणावर येणार, ही भीती प्रत्येकीच्या मनात असते. ठरावाने ती भीती एकीच्या डोक्यावरून उतरवून साऱ्या गावाच्या खांद्यावर घेतली. म्हणून तो मोलाचा.

आता याच बाईबरोबर दुसऱ्या दाराशी जाऊ या. तेराव्यानंतर ती सरकारी कचेरीत जाते. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. त्यातले तीस हजार रोख, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी मृत्यूचं प्रकरण समितीपुढे जातं आणि तिथे दोनच शब्द असतात, पात्र आणि अपात्र. जमीन होती का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? वसुलीचा तगादा होता का? ज्याने गावातल्या बिगरपरवाना सावकाराकडून किंवा नातेवाइकाकडून उसनवारी केली, त्याचं प्रकरण अपात्र ठरण्याचीच भीती जास्त. नवऱ्याच्या मृत्यूवर अपात्र असा शेरा घेऊन घरी परतणाऱ्या बाईला काय वाटत असेल, याचा विचार नियम लिहिताना कोणी केलेला दिसत नाही.

रूढी तिला विचारते, नवरा कुठे आहे? कचेरी विचारते, नवरा कशाने गेला? एक तिला अशुभ ठरवते, दुसरी अपात्र. एक परंपरेच्या नावाने चालते, दुसरी आधुनिक राज्याच्या नावाने. पण दोन्हीकडे तिची ओळख गेलेल्या माणसावरून ठरते. म्हणून मला परंपरा विरुद्ध आधुनिकता अशी सरळ लढाई यवतमाळात दिसत नाही. तुझं नाव काय आणि तुला काय हवं, हा प्रश्न विचारायला दोघीही विसरल्या आहेत.

हे विसरणं जुनं आहे. १८५६च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याचं आपण शाळेत कौतुक वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. संसार पुन्हा मांडायची मुभा दिली आणि पायाखालची जमीन काढून घेतली. तिला पूर्ण मालकी मिळायला १९५६चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. त्यानुसार विधवा ही मुलामुलींच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि एकदा वारशाने आलेला हिस्सा पुढे तिने लग्न केलं म्हणून जात नाही. 'जमीन नावावर केली तर उद्या दुसरं लग्न करून घेऊन जाईल' असं पारावर आजही बोललं जातं. त्याला कायद्याने सत्तर वर्षांपूर्वी उत्तर दिलं आहे.

कायदा आहे, मग अडतं कुठे? अडतं तलाठ्याच्या दप्तरात आणि दिराच्या सहीत. नवरा गेला की मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करायचा, गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत नावं चढायची, फेरफार धरला जायचा, नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करायचे आणि सातबाऱ्यावर नाव यायचं. कागदावर ही वाट सोपी आहे. प्रत्यक्षात जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर असते, सासरा हयात असतो, किंवा सामाईक खात्यात चार भावांची नावं असतात आणि वाटणी झालेली नसते. घरचे म्हणतात, घाई काय आहे, तुला कोण काढतंय? सुधारणेच्या बाजूने बोलणारं घरही इथे गप्प होतं. घाटंजीकडच्या एका शेतकरी बाईने हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: "बांगड्याईचं जाऊ द्या जी बाई, माह्या नावाचा फेरफार कवा होते थे सांगा."

सातबाऱ्यावर नाव नसणं म्हणजे काय, हे कापसाच्या गाडीबरोबर चालत गेलं की कळतं. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर. पीकविमा सातबाऱ्यावर. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार सातबाऱ्यावर. ई-पीक पाहणीत कापसाची नोंद होते ती खातेदाराच्या नावाने, आणि भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर कापूस घालायचा तर हीच कागदपत्रं लागतात. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. जिने निंदण केलं, डवरणीमागे फिरली, पाठीला ओटी बांधून वेचणी केली, तिच्या नावाने तो कापूस विकला जाऊ शकत नाही. मग एक तर दिराच्या नावाने विकायचा आणि पैशासाठी त्याच्या तोंडाकडे पाहायचं, नाही तर खेडा खरेदीवाल्याला तो म्हणेल त्या भावात द्यायचा. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात थेट येतात, त्याचा तिला आधार आहे. पण ते पैसे सरकारने दिले तर मिळतात. शेत तिचं स्वतःचं असतं.

या जिल्ह्याला हा धडा बाहेरून शिकायची गरजच नाही. राळेगाव तालुक्यात रावेरी हे गाव आहे. तिथे सीतेचं मंदिर आहे आणि त्यात सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. गावची आख्यायिका सांगते की टाकून दिलेली गरोदर सीता इथे राहिली, लव-कुश इथे जन्मले. बाळंतपणानंतर तिने गावात मूठभर गहू मागितले, गावाने नाही म्हटलं आणि तिच्या शापाने रावेरीत गहू पिकेनासा झाला. एकट्या बाईला धान्य नाकारल्याची सल एका गावाने पिढ्यान् पिढ्या जपून ठेवली, हे मला फार मोठं वाटतं. याच मंदिराचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने झाला आणि परित्यक्ता, एकट्या, स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या बायकांचं ते मानाचं ठिकाण झालं.

जोशींनी ते नुसतं भक्तीपोटी केलं नव्हतं. १९८६च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं चांदवडला महिला अधिवेशन झालं, लाखो शेतकरी बाया तिथे आल्या. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: शेतकऱ्याने जिवंतपणी, राजीखुशीने, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ही सून, ही लक्ष्मी, हिचं घरावर ऋण आहे, ते फेडा, असं शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत सांगितलं गेलं आणि असंख्य शेतकऱ्यांनी ते केलं. परंपरेतला शब्द घेऊन महसुली दप्तरातली ओळ बदलायची ही रीत होती. आज आपण नेमकं उलटं करतो. आधुनिक भाषेत बॅनर लावतो आणि दप्तर होतं तसं ठेवतो.

हळदीकुंकूच बंद करा, असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. घरकाम आणि शेतकामातून बायकांना एकमेकींच्या दारी जाण्याचं हे हक्काचं निमित्त आहे. ते मोडण्याऐवजी त्याचं दार सगळ्यांना उघडं करावं आणि त्याच निमित्ताचा उपयोग करून घ्यावा. १ एप्रिल २०२५पासून राज्याने जिवंत सातबारा मोहीम सुरू केली, ती मयत खातेदारांच्या वारसांची नावं उताऱ्यावर लावण्यासाठीच. काम सरकारने काढलं आहे, ते गावाने पूर्ण करून घ्यायचं आहे.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. बचत गटांनी यंदा डबे वाटू नयेत. गटातल्या ज्या बाईचा नवरा गेला आहे तिच्या वारसनोंदीचा अर्ज भरून द्यावा, दाखले जोडून द्यावेत आणि तलाठ्याकडे तिच्याबरोबर दोघी-तिघींनी जावं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विधवा प्रथेविरुद्धचा ठराव जरूर मांडा, पण त्याच सभेत चावडी वाचन करून गावातल्या कोणत्या मयत खातेदाराच्या बायकोचं नाव अजून चढलेलं नाही, ती यादीही मोठ्याने वाचा. ज्या सरपंचाने ठराव केला त्याने आपल्या भावकीतला पहिला फेरफार आधी करून दाखवावा. ज्यांचे नवरे हयात आहेत त्यांनीही थांबू नये. लक्ष्मीमुक्तीला मुहूर्त लागत नाही.

कपाळावरचं कुंकू ठेवायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं. सातबाऱ्यावर तिचं नाव घालायचं की नाही, हे मात्र तिच्या दिराने, सासऱ्याने किंवा गावाने ठरवायचं नाही. ते कायद्याने कधीच ठरलेलं आहे. आपण फक्त ते लिहून घ्यायचं बाकी ठेवलं आहे.