जुन्या कॅमेऱ्याचा फोटो पाहून एआय म्हणतं ‘ही लायका आहे’. विश्वास ठेवायचा का?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून चामडी केसमधला एखादा जुना कॅमेरा निघतो. आजोबांचा असतो, किंवा घरातल्या कुणीतरी कधीकाळी चालवलेल्या फोटो स्टुडिओतला. पूर्वी धूळ झटकून तो परत माळ्यावर जायचा. आता मोबाईलवर त्याचा फोटो काढून चॅटजीपीटी किंवा जेमिनीला विचारलं जातं: हा कोणता कॅमेरा आहे, किती सालचा आहे आणि विकला तर किती येतील?

काही सेकंदांत उत्तर येतं. कंपनी, मॉडेल, वर्ष, लेन्स, अंदाजे किंमत, सगळं काही. भाषा एखाद्या मुरलेल्या जाणकाराची. गोची अशी की उत्तर चुकलेलं असलं तरी भाषा तीच राहते.

हा प्रश्न फक्त हौशी संग्राहकांपुरता राहिलेला नाही. फिल्मवर फोटो काढायची आवड तरुणांमध्ये परत आली आहे. मुंबईच्या चोर बाजारापासून इन्स्टाग्रामवरच्या विक्रेत्यांपर्यंत जुन्या कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री चालते. त्यात मधूनच एखादी डोळे विस्फारायला लावणारी बातमी येते. जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेत्झलार इथल्या लिलावात लायकाचे जनक ऑस्कर बारनॅक यांनी स्वतः वापरलेला, ०-सिरीजमधला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. असं काही वाचल्यावर घरातल्या कॅमेऱ्याकडे बघायची नजर बदलतेच.

एआयला काय जमतं?

सोप्या कामात एआय बऱ्यापैकी भरवशाचं आहे. कॅमेऱ्याच्या कपाळावर ‘यशिका मॅट १२४जी’ असं लिहिलेलं असेल आणि फोटो स्पष्ट असेल, तर ते नाव वाचून हा जपानी, दोन लेन्सचा, १२० फिल्मवर चालणारा कॅमेरा आहे, हे चॅटबॉट सहसा नीट सांगेल. कोणती कळ कशासाठी, फिल्म कशी भरायची, हेही त्याच्याकडून समजून घेता येतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी स्टुडिओंमध्ये लग्नाचे फोटो यशिकाच्या अशा कॅमेऱ्यांवर निघाले. त्यांच्याबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि एआय त्याच लिखाणातून शिकलं आहे.

घोळ सुरू होतो तो कॅमेऱ्यावर लिहिलेलं नावच खोटं असतं तेव्हा.

लायका की फेड?

१९३० च्या दशकात सोव्हिएत युनियनमधल्या, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीव्ह शहरात जर्मन लायका-२ ची हुबेहूब नक्कल बनू लागली. सोव्हिएत गुप्त पोलिसांचे पहिले प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं ‘फेड’. युद्धानंतर, १९४८ पासून मॉस्कोजवळच्या कारखान्यात तिचीच बहीण ‘झोर्की’ तयार होऊ लागली. दोन्ही कॅमेरे प्रचंड संख्येने बनले. दोन्ही चांगलं काम देतात आणि आजही तुलनेने स्वस्तात मिळतात.

नंतर कुणाच्या तरी डोक्यात धंद्याची आयडिया आली. फेड किंवा झोर्कीवरचं मूळ नाव घासून काढायचं, त्या जागी लायकाची सही कोरायची, बॉडीला सोनेरी मुलामा द्यायचा. वर १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचं किंवा जर्मन हवाई दलाचं चिन्ह. झाली ‘दुर्मीळ युद्धकालीन लायका’ तयार! संग्राहकांच्या जगात हा प्रकार इतका जुना आहे की सोनेरी लायका दिसली की जाणकार आधी हसतात. काही जण तर नकली लायकांचाच संग्रह करतात.

आता या कॅमेऱ्याचा समोरून काढलेला फोटो एआयला दिला, तर त्याला काय दिसेल? लायकाची सही, लायकाचा आकार आणि १९३६ हे साल. म्हणजे बनवणाऱ्याने मुद्दाम दिसावं म्हणून जे जे कोरलं, तेच. खरा पुरावा फोटोत नसतो. तो बघायला लेन्स काढून आत डोकवावं लागतं. अंतर मोजणाऱ्या यंत्रणेला जोडलेला जो भाग लेन्सला टेकतो, तिथे खऱ्या लायकात छोटं गोल चाक असतं. फेड आणि झोर्कीत सहसा चाकाऐवजी बोटासारखा भरीव तुकडा असतो. जुन्या बाजारातला अनुभवी दुकानदार कॅमेरा हातात घेऊन सगळ्यात आधी हेच करतो. एआयला कॅमेरा हातात घेता येत नाही आणि ‘लेन्स काढून आतला फोटो दाखवा’ असं ते दरवेळी आपणहून सुचवेलच, याची खात्री नाही.

क्रमांकावरून साल, पण कसं?

साल ठरवण्याचा हुकमी मार्ग म्हणजे सिरियल नंबर, असं बहुतेकांना वाटतं. पण प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. हेलिओस-४४-२ सारख्या सोव्हिएत लेन्सवर पहिले दोन आकडे सहसा उत्पादनाचं साल सांगतात. तोच नियम निकॉन एफला लावला की फसगत होते. १९५९ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याचे क्रमांकच ६४ पासून सुरू झाले होते. त्यामुळे ६४ ने सुरू होणारा नंबर पाहून ‘१९६४ चा कॅमेरा’ म्हणणं साफ चूक आहे. ही चूक माणसंही वर्षानुवर्षं करत आली आहेत, आणि माणसांनी इंटरनेटवर लिहून ठेवलेल्या चुका एआयच्या शिकवणीत जातात.

कॅननच्या लेन्समागे अक्षर आणि आकड्यांचा कोड असतो. त्यातलं ‘ए’ हे अक्षर १९६० साठी वापरलं गेलं आणि फेरी पूर्ण झाल्यावर १९८६ साठीही. विविटारची तर वेगळीच गंमत. ही कंपनी लेन्स दुसऱ्यांकडून बनवून घ्यायची. क्रमांक २२ ने सुरू झाला तर किरॉनवाली किनो कंपनी, २८ असेल तर कोमिने, ३७ असेल तर टोकिना. नाव एकच, पण बनवणारा आणि दर्जा वेगळा, आणि त्यामुळे भावही वेगळा.

पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ या लेन्सची सुरुवातीची आवृत्ती आठ काचांची होती, नंतरची सात काचांची. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्या. संग्राहक त्या ओळखतात लेन्सवरच्या बारीक लाल रेघेवरून. ती ४ या आकड्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहून. आठ काचांची जास्त महाग. सात काचांच्या लेन्समध्ये किरणोत्सारी थोरियम असलेली काच आहे, म्हणून ती वर्षांनुवर्षं पडून राहिली की पिवळी पडते. मोबाईलवर घाईत काढलेल्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत ती रेघ दिसेल का, हा साधा प्रश्न आहे.

‘माहीत नाही’ का म्हणत नाही?

चॅटबॉटकडे कॅमेऱ्यांची तपासलेली यादी नसते. चित्रातल्या खुणा आणि शिकलेला मजकूर यांच्या आधारे ते सगळ्यात संभाव्य वाटणारी वाक्यं तयार करतं. ओपनएआयच्याच संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या निबंधात याचं एक कारण दिलं आहे. या मॉडेल्सची चाचणी घेण्याची पद्धतच अशी आहे की ‘माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा ठोकून दिलेलं उत्तर फायद्याचं ठरतं. परीक्षेत पेपर कोरा ठेवण्याऐवजी काहीतरी लिहून येणाऱ्या विद्यार्थ्यासारखं.

दुसरी खोड हांजी हांजी करण्याची. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी वापरणाऱ्यांची नको इतकी री ओढू लागलं, म्हणून ओपनएआयला अपडेट मागे घ्यावं लागलं होतं. म्हणूनच ‘ही १९३६ ची लायका आहे ना?’ असं विचारणं म्हणजे उत्तर आपणच पुरवणं. त्यापेक्षा ‘ही लायका नाही, असं म्हणायला कोणती कारणं असू शकतात आणि ती तपासायला कुठले फोटो लागतील?’ असा प्रश्न जास्त कामाचा. किमतीबाबत तर एआयचा आकडा बाजूलाच ठेवलेला बरा. बुरशी लागलेली लेन्स आणि अडकलेलं शटर भाव पार पाडतं, आणि दमट कोकणात किंवा मुंबईत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात या दोन्ही गोष्टी सर्रास सापडतात.

आपल्याकडच्या कॅमेऱ्यांची आणखी एक पंचाईत आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला ‘आगफा क्लिक थ्री’ एकेकाळी घरोघरी होता. जर्मन आणि अमेरिकन कॅमेऱ्यांवर जितकं लिहिलं गेलं, त्याच्या पासंगालाही न पुरेल इतकं या भारतीय मॉडेलवर लिहिलं गेलं आहे. माहिती कमी पडली की त्याच घराण्यातल्या जर्मन मॉडेलची कुंडली याला चिकटण्याची शक्यता वाढते.

चूक महागात कुठे पडते?

नाव चुकलं तर फार तर पैसे बुडतील. वापराचा सल्ला चुकला तर वस्तूच जाते. यशिका मॅट १२४जी चा लाइट मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला आहे. त्या बॅटऱ्यांवर बंदी आली. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी आत बसते खरी, पण मीटर चुकीचं माप देतो आणि रोल वाया जातो. विविटार २८३ या जुन्या फ्लॅशच्या सुरुवातीच्या नगांमध्ये कॅमेऱ्याला जोडणाऱ्या टोकांवर २०० हून अधिक व्होल्ट असू शकतात. नंतरच्या नगांमध्ये ते खूप कमी. दोन्हींवर नाव तेच. ‘हो, डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल’ एवढं उत्तर ऐकून जुना नग लावला तर नवा कॅमेरा जळू शकतो. फ्लॅश आधी मल्टिमीटरने मोजून घ्यावा.

आणि फोटोसाठी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. आत रोल असू शकतो. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या मागे छोटी लाल खिडकी असते. तिच्यात आकडा दिसला तर रोल आतच आहे. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल गुंडाळायची मूठ हलक्या हाताने फिरवून पाहावी, ती अडली तर बहुधा फिल्म भरलेली आहे. कृष्णधवल रोल कित्येक दशकांनीही धुता येतात, चित्र पुसट येतं इतकंच. क्लिक थ्रीमधला रोल असेल तर झाकण न उघडता तो शेवटपर्यंत पुढे फिरवायचा, ३५ मिलिमीटरचा असेल तर उलटा गुंडाळायचा, आणि मग तो लॅबमध्ये द्यायचा. कॅमेऱ्याचे आतले फोटो त्यानंतर.